कडा उतरायची वाट

एकाहत्तर सालची गोष्ट. संगमनेरच्या कॉलेजातले एक सर आमच्या अकोले तालुक्यातल्या गावात आले. त्यांना दहा पोरं घेऊन पाखरं बघायला जायचं होतं. आधी आमचा डोंगर, मग कडा उतरून खाली कोकणातलं रान. तिथं धनेश दिसतो म्हणे.

"कडा उतरायची वाट ठाऊक आहे का?" सरांनी विचारलं.

"डोळे झाकून उतरवतो," मी छाती फुगवून म्हणालो.

साफ खोटं. गुरांमागं मी कड्याच्या तोंडापर्यंतच गेलेलो. एकदा चार पावलं उतरलो, अन् खाली बघून बसत बसत माघारी आलो.

सर ओट्यावर कागद पसरून मुक्काम लिहू लागले, तसं माझ्या मनात आलं, एखादं पोरगं घसरलं तर त्याच्या आईला काय सांगायचं? तरी तोंड उघडेना.

बायको चहा घेऊन आली. कपबशी तिनं त्या कागदावरच ठेवली.

"सर, ह्यांच्या भरवशावर पोरं खाली नेऊ नका. ह्यांनी ती वाट बघितली न्हाई. लई भ्यात्यात."

"खरं का?" सरांनी मला विचारलं. "व्हय," मी म्हणालो. त्यांनी खालच्या रानावर काट मारली.

"चारचौघांत लाज काढलीस," मी नंतर तिच्यावर ओरडलो.

"तुमची लाज गेली, पोरं तर ऱ्हायली!"

आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

ती वारली त्याला यंदा वर्ष झालं. परवा डॉक्टरला म्हणालो, गोळ्या वेळेवर घेतो. तेही खोटंच. खरं सांगणारं घरात कुणी नाही, याचं आता भ्या वाटतं.