निकामी हाताची परीक्षा

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. नगर जिल्ह्यात बेलापूरकडच्या एका साखर कारखान्यात चरकात ऊस ढकलताना, सगळे ज्यांना मामा म्हणत अशा एका वयस्कर कामगाराचा उजवा हात सापडला आणि अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. कारखान्याच्या डॉक्टरने टेबलापलीकडूनच पाहून 'कामास लायक' असं लिहिलं. म्हणजे पुन्हा त्याच चरकावर! असली लायकी ठरवणाऱ्याला एक दिवस तिथं उभं करायला हवं. मी तेव्हा कामगारांची पत्रकं लिहीत असे. भरपाई मागायला हात निकामी असल्याचा कागद मला हवा होता, म्हणून मामांना नगरच्या मिशन दवाखान्यात नेलं. तपासताना हात ढिला सोडा, असं वाटेत दोनदा बजावलं. ते नुसते हसले.

तिथल्या तपासणाऱ्या बाई लढाईतल्या जखमी शिपायांचे हात तपासायला शिकून आल्या होत्या. त्यांनी मामांपुढे एक सदरा ठेवला आणि गुंडी लावायला सांगितलं. जमली नाही. पेन्सिल दिली, ती घसरली. बाई दोन्हीपुढे फुली मारत होत्या आणि मी मनातून खूश होतो.

"बाई, ते खोडा," मामा म्हणाले. "गुंडी म्या जल्मात लावली न्हाई. माझ्या बंडीला बांधायचे कसे हायेत. पेन्शिल तर ह्या पुढाऱ्याचं काम."

मला राग आला. बाईंनी मात्र फुल्या खोडल्या आणि विचारलं, मग हा हात करत काय होता?

मामांनी तंबाखूची चंची काढली. डाव्या तळव्यावर उजव्या अंगठ्याने चुना छान मळला, पण चिमूट उचलता येईना. भाकरीही मोडता येत नाही, म्हणाले. डाव्या हाताने खायची लाज, म्हणून ते महिनाभर सगळ्यांकडे पाठ करून जेवत होते. मी त्यांच्याच ओसरीवर जेवलो होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. मग बाईंनी पडद्याची दोरी त्यांच्या मुठीत दिली आणि जोरात ओढली. उरलेल्या दोन बोटांनी ती अशी धरली की बाईच पुढे आल्या. चिमूट गेलेली आणि मूठ शाबूत! एकाच हातात हे दोन्ही कसं, म्हणून मी माझीच बोटं मिटून-उघडून पाहत राहिलो.

"कासरा धरता येतो, आसं लिवा," मामा म्हणाले. "हात गेला लिवलं, तर मला बैलगाडी कोन देईल?"

त्यांना गाडी हवी होती. मी एकदाही विचारलं नव्हतं.

बाईंनी लिहिलं: चिमूट नाही, मूठ पक्की, चरकावर ठेवू नये, बैल हाकू शकतील.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गाडीतळावरच्या मुकादमाने कागद वाचायची तसदी घेतली नाही. एका बुजऱ्या बैलजोडीचा कासरा पुढे केला आणि म्हणाला, "थांबवून दाव." मामांनी उजव्या मुठीने थांबवली. मग ते गाडीवर चढले. चढताना आधार मात्र डाव्या हाताचा घेतला.