एकही टाका नाही

मे महिन्यात लखनौमध्ये पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालणारी बाई एक तर नवी नवरी असते, नाही तर काहीतरी लपवत असते. माझे नवरीचे दिवस केव्हाच सरले होते. आता मुलीचं लग्न ठरत आलं होतं.

लपवावं असं खरं तर काही नव्हतं. उजव्या डोळ्याच्या मागे, मेंदूकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. डोकेदुखीसाठी तपासण्या केल्या तेव्हा तो सापडला. फुटला असता तर हे लिहायला मी राहिले नसते. डॉक्टरांनी डोकं न उघडता जांघेतून बारीक नळी वर नेली आणि फुग्याच्या तोंडाशी तारांच्या जाळीचा एक स्टेंट बसवला. फुगा काढायचा नाही, त्यात काही भरायचंही नाही, फक्त रक्ताला सरळ वाटेनं पुढे काढायचं. वाफ्याचं तोंड बुजवून पाणी पाटानं पुढे नेतात, तसंच हे. मग फुगा हळूहळू आपोआप मिटतो, पण त्याला महिने लागतात. तोवर जाळीवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या, आणि त्या चुकवल्या तर जिवाशी गाठ.

कॉलनीत मी सांगितलं, नागपूरला भाच्याच्या लग्नाला जाते आहे. ‘दिमाग का इलाज’ म्हटलं की इकडे लोक काय समजतात ते मला ठाऊक होतं, आणि मुलीच्या होणाऱ्या सासरी असलं काही कानावर जायला नको होतं. नवऱ्यालाही बजावलं. हे रेल्वेच्या संशोधन संस्थेत नोकरीला. खोटं बोलायची वेळ आली की यांचे कान लाल होतात, पण माझ्यासाठी हो म्हणाले.

मग गोळ्यांनी रंग दाखवायला सुरुवात केली. ओट्याची कड लागली, की चट्टा. आलमबागच्या बाजारातून सब्जीची पिशवी कोपरात अडकवून आणली, की संध्याकाळी दंड जांभळा. वरच्या मजल्यावर एका साहेबांच्या आई राहतात, सगळे त्यांना अम्माजी म्हणतात. गच्चीवर कपडे वाळत घालताना माझी बाही वर सरकली आणि त्यांनी विचारलं, हे काय झालं? मी म्हटलं, न्हाणीघरातला नळ लागला. पुढच्या खेपेला मी अलमारीचं दार सांगितलं.

त्यानंतर हे जिन्यात आले की बायकांचं बोलणं थांबायचं. मला ते दिसत होतं. का थांबतं हेही कळत होतं. आणि मला काय वाटलं, तर सुटल्यासारखं वाटलं. माझ्या डोक्याची चौकशी तर कोणी करत नाही ना, मग झालं. आजही ते आठवलं की स्वतःची किळस येते.

बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर होते आणि हे स्वतः घरोघरी वाटी घेऊन जातात. पहिल्यापासूनची पद्धत आहे ती. यंदा वरच्या मजल्यावरून वाटी भरलेली परत आली. हे म्हणाले, त्यांचा उपवास असेल. कान लाल झालेले. मागोमाग मुलगी आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “अम्माजी ने सबके सामने बोला, औरत पर हाथ उठाने वाले के घर की खीर हमारे गले से नहीं उतरेगी। और पापा बस सिर झुकाकर खड़े रहे।”

मी यांना विचारलं, एका शब्दानं सांगून का टाकलं नाही.

“तूच तर म्हटलं होतं, कोणाला सांगायचं नाही,” हे म्हणाले, आणि वाटी ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

तीच वाटी उचलून मी वर गेले. अम्माजींना सगळं सांगितलं. फुगा, जाळी, गोळ्या, नागपूरचं खोटं लग्न, सगळं. मग त्यांनी चष्मा चढवून माझं कपाळ पाहिलं. मी केस बाजूला करून डोकं पुढे केलं.

“दिमाग का ऑपरेशन, और एक भी टाँका नहीं?”

टाका कुठून असणार? जिथून नळी गेली ती जागा दाखवण्यासारखी नव्हती, आणि तिथेही आता ठिपका उरला नव्हता. मी म्हटलं, हॉस्पिटलची फाइल आणते. त्या म्हणाल्या, कागदांचं काय, कागद नवरेही आणून देतात.

“बिटिया, पहले नल था, फिर अलमारी। अब दिमाग।” त्यांनी माझी वर सरकलेली बाही स्वतःच्या हातानं मनगटापर्यंत खाली ओढली. “सिखा के भेजा है न? डरो मत। हमारा दरवाज़ा खुला है।”

खीर मात्र त्यांनी घेतली. तुझ्या हातची आहे म्हणून, असं म्हणाल्या. मी रडू लागले, आणि त्यांनी मला जवळ घेतलं. त्या रडण्यानं तर त्यांची खात्रीच पटली असणार.

जिना उतरताना डोळ्यांतल्या पाण्यानं पायऱ्या धड दिसत नव्हत्या. हे खाली वाट पाहत उभे होते. मी तोल सावरते आहे हे पाहून माझा दंड धरायला पुढे झाले. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली, कठड्याशी अम्माजी उभ्या होत्या. यांनी हात मागे घेतला.