युक्तिवाद बळकट करणारं विधान

आमची ओळख एका प्रश्नावरून झालेल्या भांडणातून झाली. डहाणूला स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये आम्ही दोघं एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होतो. मी नरपडचा, चिकूच्या वाडीवाल्यांच्या घरातला. ती तलासरीची, वडील तिकडच्या शाळेत शिक्षक. मी फळ्यावर लिहिलेलं उत्तर तिने सगळ्यांसमोर खोडून काढलं, आणि क्लास सुटल्यावर बाहेर चहा पिताना पुन्हा एकदा खोडलं.

एमबीए दोघांचंही झालं नाही. पण त्याच क्लासमध्ये आम्ही शिकवायला लागलो, आणि पुढे लग्न केलं. मी गणित घ्यायचो, ती क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासण्याचे प्रश्न. मला वेळ असला की मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचो. कार्यकारणाचे प्रश्न ही तिची खासियत. पुस्तकातली परदेशी उदाहरणं बाजूला ठेवून ती आमच्याकडची द्यायची.

"एका माणसाने वाडीत नवं खत घातलं. त्या वर्षी चिकू जास्त आले. तो म्हणतो, खतामुळे आले. त्याचं म्हणणं बळकट कशाने होईल?"

मुलं काहीबाही सांगायची. कोणी म्हणायचं, खत महाग होतं. कोणी म्हणायचं, दुकानदारानेही तसंच सांगितलं. ती हसून मान हलवायची.

"शेजारची वाडी बघा. माती तीच, पाऊस तोच, झाडांचं वयही तेच. तिथे खत घातलं नाही आणि चिकूही वाढले नाहीत. आता त्याच्या बोलण्यात जोर आला. पण लक्षात ठेवा, जोर आला म्हणजे सिद्ध झालं असं नाही."

क्लासची एक शाखा तलासरीला होती. आठवड्यातले काही दिवस ती तिथे शिकवायची आणि कोसबाडच्या बाजूच्या खडबडीत रस्त्याने स्कूटरवर जायची. माहेरी जेवून संध्याकाळी परत यायची. दिवस गेले तेव्हा तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न स्कूटरचाच विचारला. हळू चालवा, त्रास वाटला तर थांबा, असं ते म्हणाले. माझ्या आईला मात्र ते पटलं नव्हतं. "रस्ता बघितलायस ना गं? रिक्षाने जात जा," असं ती दोनतीनदा म्हणाली, आणि मग सोडून दिलं.

त्याच सुमाराला माझ्या वहिनीलाही दिवस गेले होते. घरात दोन पोटुशा बायका म्हणून आईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दोघींना एकाच कढईतलं वाढायची, दोघींच्या केसांना एकाच वाटीतलं तेल लावायची.

सहाव्या महिन्यात एका सकाळी माझी बायको म्हणाली, "आज हलत नाहीये." मी गाडी काढली. वापीच्या दवाखान्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई बोलता बोलता गप्प झाल्या, तेव्हाच आम्हाला कळलं. नंतर त्यांनी तिचा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "बेन, एमां तमारो कंई वांक नथी." तुमचा यात काही दोष नाही. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, बऱ्याचदा कारण सापडतच नाही. स्कूटरचं विचारलं, तर स्पष्ट नाही म्हणाल्या.

मुलगी होती.

घरी आल्यावर आईने तिला लहान लेकरासारखं सांभाळलं. हाताने भरवलं. पण एका दुपारी ओटीवर शेजारच्या काकी आल्या होत्या, त्यांच्याशी बोलताना रडत रडत आई म्हणाली, "त्या रस्त्याने स्कूटर नको म्हटलं होतं हो मी." आत खाटेवर पडलेल्या माझ्या बायकोने ते ऐकलं. मी तिच्या उशाशी होतो.

पुढे वहिनी बाळंत झाली. ती आणि बाळ दोघंही सुखरूप. बारसं आम्ही आवाज न करता उरकलं, पण बाळाचं रडणं कुठे झाकता येणार? त्याच आठवड्यात वाडीत फिरताना माझी बायको अचानक म्हणाली, "स्कूटरमुळेच झालं."

"आधी हे झालं आणि नंतर ते झालं, एवढ्यावरून कारण ठरत नाही," मी म्हणालो. "तूच शिकवतेस ना?"

"एवढ्यावरून नाही ठरत. पण बघ ना. एकच घर, एकच स्वयंपाक, पाणी तेच. तपासण्या दोघींच्याही चांगल्या होत्या. ती घरात राहिली, मी स्कूटरवर गेले. तिचं बाळ पाळण्यात आहे."

"एकच उदाहरण आहे हे."

"हो. म्हणून सिद्ध होत नाही. बळकट होतं."

तिचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, शांत आणि स्वच्छ. त्याचीच मला भीती वाटली.

मी माझ्या परीने तो युक्तिवाद तोडायला निघालो. तलासरीकडच्या किती बायका दिवस भरेपर्यंत मोटरसायकलवर मागे बसून बाजाराला येतात, भातलावणीला वाकतात, ते सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचं शरीर वेगळं, सवय वेगळी. ही तुलना चालणार नाही." डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली, तर म्हणाली, "त्यांना कारण माहीत नाही. मग हे कारण नव्हतं, हे त्यांना कुठून माहीत?"

महिनेच्या महिने असेच गेले. एकदा जेवताना मी कळवळून म्हणालो, "तुला हे खरंच हवंय का? स्वतःलाच दोषी ठरवायचंय का तुला?"

तिने घास खाली ठेवला. "स्कूटर नसेल, तर मग ती कशाने गेली? उगाचच? काहीच कारण नसताना?" आणि मग दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली. "ते मला नाही सहन होत रे. माझी चूक असलेली मला चालेल."

मी तिचं ताट बाजूला सारलं आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.

थोड्या दिवसांसाठी म्हणून ती माहेरी गेली. मी दर रविवारी जायचो. आम्ही ओसरीवर बसायचो आणि तिच्या वडिलांच्या तब्येतीबद्दल बोलायचो. परत चल म्हटलं की म्हणायची, "त्या घरात बाळाकडे बघितलं की मला तेच दिसतं, दोघींपैकी कोणी काय केलं." एकदा आई मला न सांगता एकटीच रिक्षा करून तलासरीला गेली.

"पोरी, मी बोलले ते चुकले," आईने तिला म्हटलं. "मला काय कळतं त्यातलं?"

"आई, तुम्ही बोलला नसता तरी मला ते सुचलंच असतं," ती म्हणाली. तिने आईला जेवू घातलं, पाया पडली आणि रिक्षापर्यंत सोडायला आली. रिक्षात बसली नाही. हे सगळं आईने घरी येऊन सांगितलं आणि मग देवघरासमोर बसून राहिली.

ती परत आलीच नाही. आता कागदोपत्रीही आम्ही वेगळे झालो आहोत. भांडण झालं नाही, कोणी कोणाला वाईट बोललं नाही. ती तिकडेच एका शाळेत लहान मुलांना शिकवते, असं कळतं. मी नरपडलाच आहे. आईने माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय एकदा काढला होता. मी ताटावरून उठलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.