रघूचा हरलेला हंगाम

रघूच्या घरून नलूवहिनींचा फोन आला तेव्हा मी मळ्यात झेंडू तोडत होतो. आमच्या घरात कुणाला काही सांगायचं असलं की बांधावरूनच ओरडायची पद्धत आहे. त्या दिवशी बायको ओरडली नाही, नुसती चालत माझ्यापर्यंत आली. म्हणाली, ‘रघूभावजी गेले.’ मी तिच्यावरच खेकसलो, ‘अगं काहीतरीच काय, आज चारला त्याच्याकडे जायचं ठरलंय माझं!’ जणू भेट ठरलेल्या माणसाला मरायची परवानगीच नसते. दुपारचं जेवून रघू आरामखुर्चीत टेकला, वहिनी ताक घेऊन बाहेर आल्या, तोवर सगळं आटोपलं होतं. कुणाला हाक नाही, कुणाची धावपळ नाही. साठ वर्षं प्रत्येक गोष्टीत माझ्या आधी पुढे पळायचा, इथेही पळाला. याला आता सव्वा महिना झाला आणि माझा राग अजून गेलेला नाही.

तुमच्यापैकी काहींना रघुनाथ आठवत असेल तो ‘सगळे सामने हरलेला कोच’ म्हणून. आठवू द्या, खोटं काही नाही त्यात. पण मी त्याला ओळखतो दहा वर्षांचे होतो तेव्हापासून. तालमीमागच्या मातीत आम्ही कबड्डी खेळायचो. तो चढाईला, मी उजव्या कोपऱ्यात. पुढे नाशिकच्या अंबडला एकाच कारखान्यात लागलो आणि कंपनीच्या संघातही तीच वाटणी राहिली. सरावात तो रोज माझ्या अंगावर चढाई करायचा आणि मी रोज त्याचा घोटा धरायचो. उठता उठता तो विचारायचा, ‘सुध्या, कसं धरलंस रे? परत दाखव.’ मला वाटायचं, चिडवतोय. मग मी मुद्दाम दाखवायचो नाही. धरायची कला अशी फुकट वाटायची असते का? निवृत्तीनंतर मी मळा धरला आणि हा बाबा गावोगावच्या पोरांना कबड्डी शिकवत फिरायला लागला. नलूवहिनी म्हणायच्या, यांच्या खिशात घराचा पत्ता लिहून ठेवायला हवा.

अशात राज्यात कबड्डीची व्यावसायिक लीग निघाली. रंगीत मॅट, डोळे दिपवणारे दिवे, चढाई चढाईला ढोल. नाशिकचा संघ एका बांधकामवाल्या शेठने घेतला आणि नाव ठेवलं गोदातीर वॉरियर्स. रघूला कोच केलं. रघूने मला व्यवस्थापक करून घेतलं, म्हणजे बस, खोल्या, जेवणं आणि खेळाडूंचे हरवलेले मोजे माझ्याकडे. आणि गेल्या हंगामात आम्ही हरलो. एखाददुसरा सामना नव्हे हो, झाडून सगळे! बरोबरीसुद्धा नाही एक.

त्याची सुरुवात पहिल्याच सामन्यात झाली. गुण समान, शेवटची चढाई आमची, आणि चढाईला ईश्वर. हा ईश्वर हरसूलकडचा. अंगाने काटक, वारा प्यायल्यासारखा पळणारा, रघूने एका जत्रेतल्या सामन्यातून हेरून आणलेला. त्याने समोरच्या एका गड्याला शिवलं, गर्रकन वळला आणि सुटला. आता मध्यरेषा ओलांडली की गुण आमचा, सामना आमचा. रेषा एक पाऊल राहिली असताना याने मांडीवर थाप मारली आणि दोन्ही हात वर केले! तेवढ्यात मागून त्यांच्या कोपऱ्याने, म्हणजे कोपरा राखणाऱ्या गड्याने, झेप घेऊन घोटा धरला आणि ईश्वर रेषेच्या अलीकडे तोंडावर आपटला. एका गुणाने हरलो. ते पडणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घराघरांतल्या फोनवर पोचलं. लोकांनी त्याला गाणी लावली, ढोल लावले, गाढवाचे आवाज लावले. हरसूलच्या बाजारात त्याच्या आईला लोक विचारायला लागले, ‘तुझा पोरगा हात वर करून कुठं चालला होता?’

त्यानंतर ईश्वर चढाईला जायचा पण वळायचा नाही. नियमापुरतं आत जायचं आणि तोंड त्यांच्याकडेच ठेवून परत यायचं... घरात साप दिसल्यावर माणूस मागे मागे सरकतो तसा. उलट्या पावलांनी कुणी पळू शकतं का? खोल आत जायची हिंमत गेली, गुण बंद झाले, अख्खा संघ बाद होऊन आमच्यावर लोण चढायला लागले. आणि रघू? प्रत्येक अडलेल्या वेळी, जिथे गुण आणलाच पाहिजे नाहीतर चढाई करणारा बाद, तिथे रघू नेमका ईश्वरलाच उठवायचा. मी बाकावर बसून दातओठ खायचो. हा हरायला आलाय की शिकवायला, तेच कळेना.

पण याहून भयंकर होतं ते सामना संपल्यावरचं. समोरचे जिंकलेले, एकमेकांना उचलून घेतायत, फोटो काढतायत, आणि आमचा रघू ईश्वरचा हात धरून सरळ त्यांच्या घोळक्यात. ज्याने ईश्वरला धरलं असेल त्याला शोधायचा आणि म्हणायचा, ‘पैलवान, झकास धरलंस. कसं धरलंस ते जरा याला दाखव ना.’ समोरचा आधी बघतच राहायचा. थट्टा करतोय की काय? मग खुलायचा. माणसाला स्वतःची करामत सांगायला किती आवडतं! तिथेच मॅटवर परत ईश्वरला धरून दाखवायचा: बघ, तू डावा पाय टाकताना खांदा आधी पडतो, तिथेच मला कळतं. ईश्वरचा चेहरा सुरुवातीला असा, की धरणी पोटात घेईल तर बरं. मी बसपाशी ताटकळत आणि डबे गार होतायत! एकदा मी बोललोच, ‘अरे, हरलोय आपण! लाज आहे का काही? त्यांच्या पाया पडायचंच राहिलंय.’ तर म्हणतो, ‘ते फुकट शिकवतायत सुध्या, तुझं काय जातंय?’ पाचव्या-सहाव्या पराभवानंतर माझ्या लक्षात आलं, की आता रघू पुढे आणि ईश्वर मागे असं राहिलेलं नव्हतं. दोघं बरोबरीने चालत जायचे. पण गुण काही येत नव्हते, आणि लोकांना गुण दिसतात.

हंगामाच्या मध्यावर शेठने आम्हा दोघांना बोलावलं. ‘त्या ईश्वरला बसवा. हसं झालंय आपलं,’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘अप्पा, तुमचं काय मत?’ आणि मी... मी रघूच्या देखत म्हणालो, ‘बसवायलाच पाहिजे.’ मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. रघू शांतपणे म्हणाला, ‘शेठ, तो आता बसला तर परत उठायचा नाही. घरी जाईल आणि जन्मभर मॅटकडे बघणार नाही. हंगाम तसाही गेलेला आहे, तेवढा मला वापरू द्या.’ शेठ म्हणाले, ‘मग हंगाम संपला की तुम्ही मोकळे.’ रघू म्हणाला, ‘चालेल.’ एवढंच! बाहेर आल्यावर मला वाटलं आता हा मला फाडून खाईल. तर म्हणतो, ‘स्कूटरला पेट्रोल आहे ना? मला घरी सोड.’ वाटेत गंगापूर रोडला थांबून त्याने नलूवहिनींसाठी पेरू घेतले, आणि त्यातले दोन माझ्या डिकीत टाकले.

शेवटच्या सामन्यात ईश्वर खोल आत गेला, कोपऱ्याला शिवला, आणि वळला. पहिल्या सामन्यानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठ करून मध्यरेषेकडे धावला. तिघांनी मिळून त्याला पाडलं आणि सामना गेला. आमचे खेळाडू माना खाली घालून बसले होते आणि रघू माझ्या दंडाची सालपटं निघतील इतक्या जोराने मला हलवत होता, ‘वळला! सुध्या, बघितलंस ना? वळला तो!’ मी त्याचा हात झटकला. संघ तळाला, याची नोकरी गेलेली, आणि हा माणूस वरातीत नाचल्यासारखा...

हंगाम संपला. शेठने शब्द पाळला, रघू मोकळा झाला. ईश्वरलाही सोडलं. तो गावी नागलीच्या शेतात गेला आणि फोन उचलायचा बंद झाला. पुढे कळलं की ज्या संघाने आम्हाला पहिल्या सामन्यात हरवलं, त्याच संघाने त्याला बोलावणं धाडलंय, आणि हा नाही म्हणतोय. मग रघूने मला स्कूटर काढायला लावली. इतक्या लांब त्या घाटरस्त्याने गेलो, माझ्या कमरेचा पार चुराडा झाला. ईश्वर अंगणात बसला होता. म्हणाला, ‘सर, माझ्याकून नाय होनार आता. लय झालं. ते लोक मला हसायलाच बोलावत्यात.’ रघूने वाद घातला नाही. त्याच्या आईने दिलेली नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं निवांत खाल्लं, हात धुतले आणि मला म्हणाला, ‘सुध्या, ऊठ. तू मला कसा धरायचास ते याला दाखव. पंचवीस वर्षं मला सुटता आलं नाही, कदाचित याला येईल.’

मी उठलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात, ते खरंच आहे. पण अंगणात शेजारपाजारचे चार लोक जमले होते आणि या वयात धुळीत लोळायची मला लाज वाटली, हे जास्त खरं. रघू ‘बरं’ म्हणाला. येताना घाटात तो मागे बसून कसलीशी जुनी चाल गुणगुणत होता. ही आमची शेवटची सफर ठरली. तेव्हा उठलो असतो तर काय बिघडलं असतं? सव्वा महिना झेंडू तोडताना, जेवताना मला हाच प्रश्न चावतोय. वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं हो. घरी येऊन म्हणाले, सुध्याची पकड आता दुसऱ्या कुणाला शिकायला मिळायची नाही बहुतेक.’ हे ऐकून तर मी स्वयंपाकघरातच रडलो.

ईश्वर दहाव्याला आला होता. गोदेच्या काठाला लांब उभा राहिला आणि निघून गेला. खेळणार की नाही, हे विचारायची ती वेळ नव्हती.

गेल्या आठवड्यात नवा हंगाम सुरू झाला. पहिला सामना नाशिकलाच होता, समोर पुन्हा तोच पहिल्या सामन्यातला संघ, आणि त्यांच्या रांगेत, परक्या रंगाच्या बनियनमध्ये, ईश्वर उभा! प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, कुणीतरी गाढवाचा आवाज काढला. पूर्वार्धात आमच्या नव्या कोपऱ्याने त्याला सुरेख धरलं, सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. उत्तरार्धात ईश्वर आमच्या अंगणात खोल शिरला, दोघांना शिवला, वळला आणि सुटला. मध्यरेषेच्या पलीकडे चांगली दोन पावलं जाऊन मगच थांबला. त्याच गुणांवर आम्ही हरलो. मी या संघाचा व्यवस्थापक आहे, अजून पगार खातो, तरी सांगतो, माझे हात टाळ्या वाजवत होते. शेठ बघत होते, बघू देत!

सामना संपला. त्यांची पोरं नाचत होती. ईश्वर त्यातून निघून आमच्या बाजूला आला आणि आमच्या कोपऱ्याला म्हणाला, ‘भाऊ, मघाशी लय भारी धरलंस. जरा दाखव ना.’ आमचं पोर हरल्याने फुगलेलं, त्याने तोंड फिरवलं आणि पिशवी उचलून चालू लागलं. ईश्वर तिथेच उभा राहिला. मी चपला काढल्या. बनियनवाल्या पोरांमध्ये धोतरासारखा ढगळ लेंगा घातलेला म्हातारा मॅटवर कसा दिसला असेल, देव जाणे. म्हटलं, ‘ये इकडे. मी दाखवतो. रघूसरांना असाच धरायचो.’ तो हळूच चढाईला आला, मी गुडघा टेकला आणि त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला. त्याने दोनदा सुटायचा प्रयत्न केला, नाही जमलं. ‘परत, अप्पा,’ तो म्हणाला. चौथ्या वेळी सुटला, आणि रेषेपलीकडून परत माझ्याकडे आला, कारण मला उठायला त्याचाच हात लागणार होता.