मेढ्याच्या चिडासाठी दाताळं

आमच्या जंगल ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठायचे. फायली निदान साताऱ्याला पाठवता यायच्या, किस्से कुठे पाठवणार? त्यातला हा दाताळ्याचा, मी तिथे कारकून असताना डोळ्यांदेखत घडलेला.

*

चीनची लढाई होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मेढ्याच्या वरच्या डोंगरावर साहेबांनी मोठ्या हौसेनं चिडाची, म्हणजे पाइनची, झाडं वाढवली होती. खाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा वीतभर थर! आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर पलटणीतून पेन्शनीत आलेला, सगळे त्याला हवालदारच म्हणायचे. त्यानं काश्मिरात चिडाचं रान पेटलेलं पाहिलं होतं.

"सायेब, ही पानं न्हाईत. रॉकेल हाय!"

साहेब असे हादरले की हुकूमच निघाला: चिडाखालचा कचरा निघेपर्यंत शेजारच्या रानात कुणी राब भाजायचा नाही.

आता भाताचं रोप टाकायची जागा शेण-पालापाचोळा पसरून आधी भाजावी लागते, तोच राब. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर भात नाही. लगतचं रान हिराबाईचं. एकटी बाई, पदरात तीन पोरं. तिचा राब रचून तयार होता. तो हुकूम टाईप करताना मला फार वाईट वाटलं. पण केला.

*

स्टोअरमध्ये ट्रॅक्टरमागे जोडून कचरा ओढायचं, जाड दातांचं एक लोखंडी दाताळं पडलं होतं. साहेब म्हणाले, "मजबूत आहे, हेच लावा!"

पहिल्याच ओढीत कचऱ्याबरोबर मुळं वर! एक झाड कलंडलंच. हवालदारानं इंजिन बंद केलं.

"सायेब, सफाई करायचीय का नांगरट?"

मग गवत गोळा करायचं दुसरं मागवलं, बारीक तारेच्या दातांचं. ते पानांवरून नुसतंच फिरलं आणि पहिल्या दगडाला वाकडं झालं. यात आणखी पंधरा दिवस गेले.

हिराबाई रोज बांधावर उभी. एकदा तिनं साहेबांना गाठलंच.

"आवं सायेब, मिरग काय तुमच्या दाताळ्यासाठी थांबंल व्हय?"

साहेबांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

*

शेवटी हवालदारानं आणि मी सांगली गाठली. तिथे एक लोहार उसाचं पाचट ओढायची दाताळी करायचा. नमुन्याला आम्ही पोतंभर पानं नेली होती.

"पाचटावानीच असंल की," म्हणत त्यानं पोतं फरशीवर ओतलं, वर पाय दिला आणि घसरून दाणकन ऐरणीशेजारी बसला!

उठला तो कंबर चोळतच. "लय बेनं हाय रं हे!"

मग मात्र त्यानं मन लावून काम केलं. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगचे दात, टोकं वर वळवलेली, दगड लागला तर मागे सरणारे.

*

मृगाला चार दिवस उरले. साहेब जीपनं निघाले होते, पोचायचे होते. नवं दाताळं झकास चाललं. मुळाला धक्का नाही, मागे कचऱ्याचा हा एवढा ढीग! शेवटची ओळ राहिली आणि मला धूर दिसला. ट्रॅक्टरच्या धुराड्यातली ठिणगी मागच्या ढिगात पडली होती.

मी ओरडलो. हवालदारानं मागे वळून पाहिलं. थांबावं तर चारी बाजूंना चीड, न थांबावं तर जाळ पाठीशी.

"हवालदार, हिकडं!" हिराबाईनं बांधावरचे काटे उघड्या हातांनी बाजूला ओढले होते. "माझ्या रानात घाला!"

ट्रॅक्टर बांध उतरून थेट तिच्या राबात घुसला. मी धावत जाऊन पिन उपसून दाताळं सोडवलं, हात भाजला ते नंतर कळलं. हवालदार ट्रॅक्टर घेऊन पलीकडे निघाला आणि मागे राब धडाडून पेटला. आसपासच्या रानांतून धावून आलेल्या बायांनी ओल्या डहाळ्यांनी बांध झोडपून काढला. चिडाकडे एक ठिणगी जाऊ दिली नाही.

जीप आली तोवर हिराबाईचं रान काळंभोर झालं होतं. साहेबांनी उडीच मारली.

"हुकूम असताना हे कुणी भाजलं?"

हिराबाईनं पदरानं तोंडावरची राख पुसली.

"सरकारनं!"