अशोकाचं राज्य आटलं

वडगावच्या अक्काताईला अक्षराची ओळख नव्हती, पण मोजणीत तिला फसवायची कुणाची टाप नव्हती. मागावर बसून हजार-हजार धागे मोजणारी बाई ती! आईबाप गेल्यावर त्याच मागावर साड्या विणून तिनं धाकट्या भावाला, यमनाप्पाला, मास्तर केलं. नोकरी मात्र अजून कच्ची होती. ती पक्की होणं धारवाडहून शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टीसाहेबांच्या शेऱ्यावर होतं.

१९२७ सालच्या त्या तपासणीसाठी यमनाप्पाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. जुन्या साम्राज्यांत थोरलं कुठलं, हे मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पुस्तकात रोमही पानभर आणि अशोकाचं राज्यही पानभर. त्यावरून पोरांना काय कप्पाळ कळणार? म्हणून अक्काताईनं पांढऱ्या कापडात दर चार बोटांवर उभा-आडवा निळा धागा घालून चौकटी विणल्या. त्यांना ती ‘घरं’ म्हणायची. एक घर म्हणजे दोनशे मैल. अशा दोन सारख्या मापाच्या कापडांवर यमनाप्पानं पक्क्या रंगानं ही दोन राज्यं काढली.

तपासणीच्या आदल्या दिवशी अशोकावर दिव्यातलं तेल सांडलं. अक्काताईनं ते कापड कढत पाण्यात घातलं, डाग घालवला आणि खळ देऊन वाळवलं.

सकाळी नकाशांचं गाठोडं डोक्यावर घेऊन तीच शाळेत आली. “तू भाईरच थांब गं आक्का,” यमनाप्पा म्हणाला. मास्तरची बहीण मागावर बसते, हे त्याला साहेबांपुढं नको होतं. तिला वाईट वाटलं, तरी ती दाराआड उभी राहिली.

नकाशे बघून डिप्टीसाहेब खूश झाले. “कापड कुठून आणलंत?”

“बाजारातून, साहेब.”

अक्काताईनं ऐकलं आणि गिळलं.

मग साहेबांनी एक कापड दुसऱ्यावर पसरलं. अशोकाचं तीन बोटं आखूड! त्यांनी फूटपट्टी मागवली. रोमचं घर तीन इंच भरलं, अशोकाचं भरेना. “मास्तर, दोन नकाशांचं प्रमाणच वेगळं! ही कसली तुलना? ही मुलांची फसवणूक झाली.” त्यांनी शेरेबुक पुढं ओढलं आणि टाक दौतीत बुडवला.

यमनाप्पा पुन्हा पुन्हा घरांवर पट्टी लावून बघू लागला. दाराआड अक्काताईला सगळं ऐकू आलं. सूत कोरं, कधी न भिजलेलं होतं, कढत पाण्यानं ते आटलं, हे तिच्याशिवाय कुणाला कळणार? बोलावं तर भावाचं खोटं उघडं पडणार, गप्प राहावं तर त्याची भाकरी जाणार. टाक कागदाला टेकणार तोच ती आत शिरली.

“साहेब, थांबा! चूक माजी हाय. कापाड मी धुतलं, त्ये आटलं.”

“आटलं असेल तर नकाशा फुकटच गेला,” साहेब म्हणाले.

“फुकट कसा जाईल? कापाड आटलं तसं घरबी आटलं. घरं हुती तितकीच हाईत. पट्टी लावू नकासा, घरं मोजा.”

साहेबांनी टाक खाली ठेवला. प्रत्येक राज्यात आलेलं एकेक घर मोजलं, अर्धीमुर्धी जोडून धरली. पुन्हा एकदा मोजलं. अशोकाची सत्तेचाळीस, रोमची अठ्ठेचाळीस. दोन राज्यांत अवघ्या एका घराचा फरक!

“बाई बरोबर बोलतात, मास्तर. पण ह्या कोण?”

यमनाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझी आक्का, साहेब. कापड तिनंच विणलंय. मी खोटं बोललो.”

साहेबांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि शेरा लिहिला: नोकरीत कायम करावे.

साहेब गेल्यावर यमनाप्पानं कुंचला घेतला आणि अशोकाच्या कापडाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.

“काय लिवलंस रं?”

“तुझं नाव.”

अक्काताईनं बोट फिरवून निळे धागे मोजले. “दोन घरं लागली व्हय!”

“म्हंजे चारशे मैल, आक्का.”

जन्मात जवळच्या खानापूरच्या पुढं न गेलेली अक्काताई त्या ओल्या अक्षरांकडं बघत राहिली. पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, “धुतलं तरी दोनच ऱ्हातील न्हवं?”