शकूचा धबधबा

जिला अख्खं गाव दहा वर्षं थापाडी म्हणत होतं, ती आज सकाळी गेली.

माझी नणंद. शकू.

वर्ध्याजवळ सिंदी मेघेला मुलाच्या घरी सुनेच्या हातचा चहा घेतला, पलंगावर टेकली, ती टेकलीच.

सकाळपासून फोन चालू आहेत. जो तो म्हणतो, शांत होती हो, गरीब स्वभावाची होती.

शांत? डोंबल!
मी सांगते ती कशी होती.

एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी वर्ध्याच्या मास्तरांची मुलगी. लग्न होऊन तळेगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका खेड्यात आले. घरी कापूस, तूर, बैलांच्या दोन जोड्या आणि अठरा वर्षांची ही नणंद.

पोरगी कामाला वाघ. पण तिनं काहीही सांगितलं की लोक हसायचे.

आठ वर्षांची असताना हरवलेलं म्हशीचं रेडकू शोधत ती एकटी डोंगरात गेली होती. संध्याकाळी येऊन म्हणाली, तिकडे मोठा धबधबा आहे. माणसं पुढे कधीतरी बघून आली. तिथं नुसता कोरडा खडक. सासूबाईंनी तिला चारचौघांत मारलं, खोटं बोलते म्हणून.

तेव्हापासून गावात कुणी फेकाफेक केली की म्हणायचे, हा पाह्य शकूचा धबधबा.

तरी तिनं शब्द मागे घेतला नाही. एकदाही नाही.

मग आर्वीचं स्थळ ठरलं. लग्न दिवाळीनंतर. होणाऱ्या सासूनं हसत हसत विचारलं, पोरगी थापा मारते म्हणे?

म्हणजे गोष्ट आर्वीपर्यंत पोचली होती.

त्या दिवशी शकू गोठ्यात रडत बसलेली. मला म्हणाली,
"वहिनी, हे नाव घेऊन मले सासरी नाई जाचं."

मी नवऱ्याला विचारलं, तुम्ही लोक तो धबधबा बघायला गेला होतात कधी?
"तेंदूपत्ता तोडायले गेलतो तवा."

तेंदूपत्ता! म्हणजे भर उन्हाळ्यात!

मी कपाळावर हात मारला. पावसाळ्यात का नाही गेलात? तर म्हणे, पावसाळ्यात निंदण सोडून रानात फिरायले रिकामं कोण हाय?

बरोबरच होतं त्यांचं. तण उपटता उपटता मान वर करायला फुरसत नसते तेव्हा. दहा वर्षं पोरीला खोटी ठरवली आणि धबधबा बघायला गेले वैशाखात. धन्य!

पावसाळ्यात एकच दिवस अख्खं गाव रिकामं असतं. पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. बैल निवांत आणि माणसं पत्त्यांवर.

कर उजाडली तशी सासूबाईंकडे परवानगी मागितली. मला वाटलं, झाडतील. त्या म्हणाल्या,
"मी बी येतो. आज दिसला तं दिसला, नाई तं पुन्हा नाव काढू नको."

निघालो तिघी. सासूबाईंनी लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. मी नायलॉनची साडी आणि स्लीपर घालून, अगदी हुशार! पहिल्याच नाल्यात एक स्लीपर वाहून गेली. दुसरी मीच फेकली.

वर सागाचं जंगल. पानापानावरून पाणी टपकत होतं, पाय घसरत होते, काट्यांनी दंड ओरबाडले. शकू पुढे, आम्ही मागे. दोन तास चाललो.

मग नाल्याला दोन फाटे फुटले. शकू थांबली.
इथं मोठं अर्जुनाचं झाड होतं म्हणाली, त्याच्या उजवीकडून जायचं.

झाड नव्हतं. कुठंच नव्हतं.

सासूबाई माघारी वळल्या. शकूचा चेहरा बघवेना. मला वाटलं, संपलं, आता ही पोरगी जन्मभर थापाडी.

चार पावलं गेल्या असतील, सासूबाईंना जोरात ठेच लागली. "अगं माय" म्हणत खाली बसल्या, अंगठा दाबून धरला. मी गवत बाजूला केलं तर खाली हा एवढा मोठा खुंट. झाड कधीच कुणी तोडून नेलं होतं!

सासूबाईंनी खुंटाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.
"उजवीकडून म्हटलं नं तू? चाल मंग."

पुढे दोन खडकांमधून एक चिंचोळी वाट. अंग तिरकं करून जावं लागलं. सासूबाई अंगानं भरल्या, मधेच अडकल्या. शकूनं समोरून ओढलं, मी मागून ढकललं. सून सासूला ढकलते आहे आणि सासू काही म्हणत नाही, असा योग पुन्हा आला नाही.

आणि वळणावर एकदम आवाज.

बापरे, काय पाणी होतं! तीन पुरुष उंचीवरून थेट खाली. तुषारांनी आम्ही क्षणात चिंब. मी वेड्यासारखी नाचले, खरंच नाचले, नवी सून आहे हे विसरून.

शकू मात्र धबधब्याकडे बघतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

सासूबाई तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या,
"मारलं मी तुले त्या दिवशी. चुकलं माह्यं."

आमच्या सासूबाई आयुष्यात कुणाला चुकलं म्हणाल्या असतील तर ते त्या एकदाच.

परत आलो तेव्हा पुरुष मंडळी पारावर पत्ते कुटत होती. सासूबाई त्या पाराकडे कधी मान वर करून बघायच्या नाहीत. त्या दिवशी ओल्या लुगड्यानं सरळ जाऊन समोर उभ्या राहिल्या.

"माह्या पोरीनं सांगतलं ते खरं हाय. मी डोळ्यानं पाहून आलो."

सासऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, रस्ता कुठून हाय?

"मले नोका इचारू. शकूले इचारा."

दुसऱ्या दिवशी गावात कुणी निंदणाला गेलं नाही. पुढे शकू, मागे धोतरं सावरत, घसरत, एकमेकांना धरत सगळे बाप्ये. दर वळणावर तिला विचारायचे, आता कुठं? ती हात करायची, तिकडे सगळे वळायचे.

आर्वीला ती ताठ मानेनं गेली. आजही तशीच गेली.

शकू, वयानं मी मोठी. तरी तुला वाकून नमस्कार.
सुखानं जा, बाई.

— तुझी वहिनी